मानमोडीची साथ आणि आपली गल्ली



स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिहून द्या, असा निरोप आपल्या चिटणीस बाईंनी मला दोनदा पाठविला. तिसऱ्या वेळी त्या स्वतःच आल्या. जालन्याची छावणी, कुंडलिका नदी, जांबचे समर्थ, निजामाची राजवट असे विषयही त्यांनीच सुचविले. तीस वर्षे शाळेत इतिहास शिकविल्यामुळे तह आणि लढाया ह्यांवर मी झोपेतही चार पाने लिहून देईन. पण गेल्या पावसाळ्यातली एक गोष्ट मनातून जात नव्हती. आपल्या गुरुवारच्या भजनाला एक भगिनी तापाने फणफणत आल्या आणि "काही नाही हो, साधा फ्लू आहे" असे म्हणून माझ्या शेजारी बसल्या. टाळही त्यांनीच वाजविले आणि तेच टाळ पुढे सगळ्यांच्या हातांत फिरले. पुढच्या गुरुवारी भजनाला आम्ही निम्म्याच होतो, आणि आमच्यापैकी दोघींच्या घरची म्हातारी माणसे दवाखान्यात होती.

त्या "साधा" शब्दाने मला माझ्या आजीची आठवण झाली. तिने तो शब्द ह्या तापाला कधी लावला नसता. तिच्या तोंडी ह्या तापाचे नाव होते मानमोडी.

आजच्या मुलींना हे नाव ठाऊक नसेल. आपल्या भागातल्या जुन्या बाया सालसुद्धा असेच सांगत. "मानमोडी झाली त्या साली माझं लगीन झालं," किंवा "मानमोडीच्या पुढल्या वर्साला थोरला झाला." ते साल १९१८ चे. पुस्तकात त्याला इन्फ्लुएंझाची साथ म्हणतात. ताप आला की मान आणि पाठ अशी दुखे की मोडून पडल्यासारखे होई, म्हणून मानमोडी. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हते त्यांनी रोगाचे नाव त्याच्या लक्षणावरून किती नेमके ठेविले, ह्याचे मला नेहमी कौतुक वाटते.

आजीचे सासर अंबड तालुक्यात गोदाकाठी. त्या वर्षी ती पंधरा वर्षांची होती. घर धाब्याचे, माणसे अकरा. पाऊस असा झालाच नव्हता. ज्वारी गुडघ्याला लागायच्या आधी करपली होती, म्हणून तिचे सासरे बैलगाडी घेऊन जालन्याच्या मोंढ्यात धान्य आणावयास गेले. परत आले ते धान्य थोडे आणि अंगात कसकस घेऊन. तिसऱ्या दिवशी घरातली चार माणसे अंथरुणावर होती. दसरा-दिवाळीचे दिवस, पण उंबऱ्यावर पणती लावावयास उठेल असे माणूस घरात उरले नव्हते.

उठत होती ती फक्त तिची थोरली जाऊ. वय बावीस, पोटात सहा महिन्यांचे बाळ. वारा लागू नये म्हणून माजघराच्या झरोक्याला बोळा कोंबलेला, चुलीचा धूर आतल्या आत, आणि त्या कोंडवाड्यात एका रांगेत पडलेली माणसे. ही बाई सगळ्यांना पेज भरवी, थुंकीची राख बदली, पाणी पाजी, आणि त्यांच्याच तांब्यातले उरलेले पाणी स्वतः पिई. जेवायची वेळ येई तेव्हा भांड्याला लागलेले असेल ते तिचे. आठव्या दिवशी ती जात्यापाशीच आडवी झाली आणि दुसऱ्या दिवशी गेली. तिच्या आगेमागे दोन दीर आणि एक नणंद, अशी चार माणसे त्या घरातून नऊ दिवसांत उठली. पोटातले पाचवे.

आजी ही हकीकत सांगताना रडत नसे. एकच वाक्य ती दर वेळी बोले : "सगळ्यांच्या अंगाला तिनं हात लावून पाहिला, बाई. तिच्या अंगाला कुणीच लावला नाही."

आजी स्वतः वाचली ती सासूमुळे. गाठीच्या तापाच्या, म्हणजे प्लेगच्या दिवसांत गाव सोडून माळावर राहावयाचे, ही सवय तेव्हाच्या माणसांना होती. पहिली दोन माणसे पडताच सासूने तिला आणि घरातल्या दोन लहानग्यांना शेतातल्या आखाड्यावर धाडले. रोज एकदा कण्यांचे गाडगे ती लिंबाखाली ठेवी, लांबूनच हाक मारी आणि वळून जाई. आजीला त्या वेळी वाटे की सासूने आपल्याला टाकले. आपल्याला राखले, हे तिला पुष्कळ वर्षांनी कळले.

आता ही मानमोडी आली कोठून ते सांगते.

पहिले महायुद्ध संपत आले होते. १९१८ च्या जूनमध्ये, १० तारखेला, मुंबईच्या गोदीवर पहाऱ्यास असलेले सात पोलीस शिपाई तापाने आजारी म्हणून इस्पितळात दाखल झाले. लढाईवरून सैनिकांना आणणारी जहाजे त्या गोदीत लागत होती. गोदीतून ताप कचेऱ्यांत गेला, कचेऱ्यांतून गिरण्यांत, गिरण्यांतून चाळींत. ही पहिली लाट त्यामानाने सौम्य होती. जुलैअखेर ती ओसरली आणि लोकांनी सुस्कारा टाकला. सप्टेंबरात दुसरी लाट आली ती मात्र काळासारखी. ६ ऑक्टोबर १९१८ ह्या एका दिवशी मुंबई शहरात ७६८ मृत्यू नोंदले गेले.

मुंबईहून गावी पळणारा माणूस आगगाडीने पळतो. मनमाडला गाडी बदलली की औरंगाबाद, जालना, परभणी अशी निजामाच्या रेल्वेची मीटर गेज लाईन. ती लाईन तेव्हा जेमतेम अठरा वर्षांची होती. तिने जालन्याच्या कापसाला बाजार दिला, मोंढा भरभराटीस आणला, "जालना सोन्याचा पाळणा" ही म्हण आणखी खरी केली. त्याच गाडीच्या डब्यांतून खोकणारी माणसेही उतरली. पुढे मोंढ्यातून बैलगाडीने खेडोपाडी. आजीच्या सासऱ्यांची गाडी ही त्यांतलीच एक.

ह्या साथीने हिंदुस्थानात किती माणसे नेली, ह्याचे अंदाज सव्वा कोटीपासून पावणेदोन कोटीपर्यंत आहेत. चार वर्षांच्या महायुद्धात आपले सुमारे ७४ हजार सैनिक कामी आले, आणि त्यांच्यासाठी दिल्लीस मोठी कमान उभी राहिली. मानमोडीत गेलेल्यांसाठी कोठे एक दगडही उभा असलेला मी पाहिलेला नाही. त्यांची नोंद आहे ती शिरगणतीत. आपला भाग तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. १९११ साली त्या संस्थानाची लोकसंख्या १ कोटी ३३ लाख ७४ हजार होती. १९२१ साली ती १ कोटी २४ लाख ७१ हजार भरली. दहा वर्षांत माणसे वाढावयाची ती नऊ लाखांनी घटली. साऱ्या देशाच्याच लोकसंख्येला त्या दशकात उतार लागला होता, आणि तसे पुन्हा कोणत्याही दशकात घडलेले नाही.

एक गोष्ट आपल्या मंडळाने विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे. हा ताप म्हाताऱ्यांपेक्षा वीस ते चाळीस वयाच्या धडधाकट माणसांना अधिक भोवला, हे जगभर दिसले. पण हिंदुस्थानात पुरुषांपेक्षा बायका अधिक दगावल्या, आणि हे त्या वेळच्या सरकारी आरोग्य अधिकाऱ्यांच्याही नजरेस आले होते. ह्याची कारणे शोधावयास मला ग्रंथालयात जावे लागले नाही. आजीचे माजघर पुरे होते. दुष्काळात आधीच अर्धपोटी, त्यात शेवटी जेवणारी. धुराच्या खोलीत दिवसरात्र रोग्याच्या तोंडाशी तोंड. गरोदरपण. आणि आपण आजारी आहो हे सांगण्याची सवय नाही.

डॉक्टर काय करीत होते, असे कोणी विचारील. आपल्याकडचे पुष्कळसे डॉक्टर लढाईवर गेलेले होते. जे होते त्यांनाही रोगाचे कारण ठाऊक नव्हते. ते एका जंतूवर आळ घेत होते, आणि खरा गुन्हेगार विषाणू माणसाच्या घशातून वेगळा काढला गेला तो १९३३ साली, लंडनमध्ये. बहुतेक माणसे शेवटी न्यूमोनियाने गेली आणि त्यावरचे पेनिसिलीन तेव्हा जन्मालाच आले नव्हते. म्हणजे औषध असे काही नव्हतेच. होती ती शुश्रूषा, मोकळी हवा आणि पोटात दोन घास. मुंबईत सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांचे स्वयंसेवक गल्लोगल्ली औषध आणि दूध घेऊन फिरले ते ह्यासाठीच. कोणी पाणी देणारे असेल तर कित्येक माणसे वाचत होती. घरातली सगळीच एकदम पडली, म्हणजे तहानेनेही माणूस जाई.

शुश्रूषेचा विषय निघालाच आहे तर सांगते. साथीत दुसऱ्याचे लेकरू पाठीवर घेऊन धावणारी बाई महाराष्ट्राने ह्याच्या वीस-एकवीस वर्षे आधी पाहिली होती. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले आजारी मुलाला घेऊन पुण्याजवळ आपल्या डॉक्टर मुलाच्या, यशवंतरावांच्या, दवाखान्यात गेल्या आणि त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी वारल्या. शाळेत आपण त्यांच्या अंगावर शेण पडले तो प्रसंग मुलींना सांगतो, हा मात्र राहून जातो. निदान माझ्या हातून तरी पुष्कळ वर्षे राहिला.

दूरच्या देशातलेही एक उदाहरण देते, कारण ते फार बोलके आहे. पॅसिफिक महासागरात सामोआ नावाची बेटे आहेत. त्यांचा एक भाग अमेरिकेकडे होता, दुसरा न्यूझीलंडकडे. नोव्हेंबर १९१८ मध्ये न्यूझीलंडच्या ताब्यातल्या बेटावर तापकरी उतारू असलेले एक जहाज लागू दिले गेले. तिथली पाचांतली एकाहून जास्त माणसे गेली. शेजारच्या अमेरिकन बेटांनी येणारी जहाजे दूरच थांबविली, तिथे ह्या तापाने एकही बळी घेतला नाही. लोक तेच, हवा तीच.

मात्र ह्या उदाहरणाची मला थोडी भीतीही वाटते, आणि तिचे कारण पुन्हा आजीच्याच गोष्टीत आहे. मानमोडीत गावाने मरीआईचा गाडा काढला. हळदकुंकू, नारळ, बांगड्या ठेवून, वाजतगाजत तो गाडा शिवेपलीकडे नेऊन सोडला, म्हणजे रोग तिकडे जाईल. दोन दिवसांनी पलीकडच्या गावाने तोच गाडा त्याहून मोठ्या वाजंत्रीने परत आणून आपल्या शिवेत सोडला. आजी हे हसत सांगे. पण त्या मिरवणुकीत गावातली जी काही हिंडतीफिरती माणसे होती ती खांद्याला खांदा लावून नाचली, आणि त्यानंतरच्या आठवड्यात स्मशानात लाकूड पुरले नाही, हे सांगताना ती हसत नसे. जहाज दूर थांबविणे निराळे आणि आपला रोग शेजारच्या शिवेत ढकलणे निराळे. हा भेद बोलावयास सोपा आहे. प्रत्यक्षात कसा अवघड जातो ते पुढे सांगतेच.

मधल्या साथींविषयी थोडक्यात. १९५७ साली एशियन फ्लू मद्रास बंदरातून आला. मी दहा वर्षांची होते, आमच्या वर्गातल्या निम्म्या मुली एकदम घरी बसल्या होत्या. देशात चव्वेचाळीस लाखांवर माणसे आजारी पडल्याची नोंद झाली आणि मृत्यू हजाराच्या आसपास राहिले. १९६८ चा हाँगकाँग फ्लूही येऊन गेला. २००९ साली स्वाइन फ्लू आला. देशातला पहिला रुग्ण मे महिन्यात हैदराबादला सापडला आणि पहिला मृत्यू ऑगस्टमध्ये पुण्यात, एका शाळकरी मुलीचा. पुण्यातल्या शाळा बंद झाल्या, नायडू रुग्णालयापुढे तपासणीसाठी रांगा लागल्या, आणि बाजारातले मास्क दोन दिवसांत संपले. माझी भाची तेव्हा पुण्यात होती. रुमालाची घडी नाकाला बांधून ती गणपतीला घरी आली, तर आम्ही सगळ्या तिला हसलो होतो.

मग २०२० साल आले. करोना हा फ्लू नव्हे, त्याचा विषाणू निराळा. पण माणसाच्या श्वासातून माणसाकडे जाण्याची रीत तीच, आणि आपण माणसेही तीच.

त्या वेळचे सारे तुम्हांस माहीतच आहे, म्हणून ते सगळे लिहीत नाही. गावांनी वेशीवर बोराटीच्या काट्या आडव्या टाकल्या. ८ मे २०२० च्या पहाटे जालन्याच्या पोलाद कारखान्यात राबणारी, आपल्या गावी मध्य प्रदेशात पायी निघालेली १६ माणसे करमाडजवळ रुळांवर झोपली असताना मालगाडीखाली गेली. ती लाईन तीच, जिच्यावरून मानमोडी आली होती. गाड्या बंद आहेत अशा समजुतीने ती तेथे झोपली होती. त्या दिवशी मी जेवले नाही, हे खरे. पण त्याच आठवड्यात मी काय केले तेही आज लिहून टाकते.

आपल्या गल्लीतल्या एका घरची लेक पुण्याहून दोन मुलांना घेऊन माहेरी आली. रीतसर पास काढून आली होती, हातावर चौदा दिवस घरात राहण्याचा शिक्का होता. गल्लीतल्या काही मंडळींनी ठरविले की त्या घरी दूधवाल्याने जाऊ नये, नळावर त्यांनी येऊ नये. मला विचारावयास आले. वयाने मोठी, शिक्षिका, मंडळाची जुनी सभासद. मी "नको" म्हटले नाही. "तुम्हांला योग्य वाटेल ते करा" असे म्हटले आणि दार लावून घेतले. माझा मरीआईचा गाडा मी असा शिवेपलीकडे सोडला.

चौथ्या दिवशी आपल्या भागातली आशाताई माझ्या दारात उभी राहिली. ती माझीच विद्यार्थिनी. दिवसभर उन्हात घरे मोजीत होती, तोंडाला घरी शिवलेला मास्क. म्हणाली, "बाई, त्या घरात कुणालाच ताप नाही. पण धाकटं लेकरू दुधासाठी रडतंय. तुम्हीच सांगितलंत तर लोक ऐकतील." मी काहीच बोलले नाही. शेर दूध तापविले, किटलीत भरले, आणि जाऊन त्यांच्या ओट्यावर ठेविले. लांबूनच हाक मारली आणि वळून आले. वळताना मला लिंबाखालचे कण्यांचे गाडगे आठवले. रोगापासून दूर राहणे म्हणजे काय, हे आजीच्या सासूला १९१८ साली कळत होते. मला, इतिहास शिकविणारीला, चार दिवस लागले.

त्यानंतर आपल्या मंडळाने जे केले ते सांगावयास मला संकोच वाटत नाही. शिवणवर्गाची यंत्रे सभासदांच्या घरोघरी पोहोचविली आणि सुती कापडाचे मास्क शिवले. राज्यभर बचत गटांच्या बायाही हेच काम करीत होत्या. गल्लीची वाटणी करून प्रत्येकीने पाच घरांना रोज दूरध्वनी केला. ज्या घरी आजारी माणूस, त्या घरच्या ओट्यावर डबा. सप्टेंबरात सरकारने "माझे कुटुंब, माझी जबाबदारी" ही मोहीम काढली तेव्हा आपल्या गल्लीची माहिती आपल्याकडे तयारच होती. २ जानेवारी २०२१ रोजी लसीकरणाची रंगीत तालीम राज्यात पुणे, नागपूर, नंदुरबार आणि आपल्या जालन्यात झाली. पुढे आपली पाळी आली तेव्हा केंद्रावर जावयास भीत असलेल्या म्हाताऱ्यांना हाताला धरून नेले ते आपल्यातल्याच दोघी-तिघींनी. त्यांतल्या एकीला स्वतःलाच सुईची भीती होती, हे तिने नंतर सांगितले.

आता घरच्या गोष्टी. फ्लूचा ताप आपल्याकडे पावसाळ्यात जोर करतो, आणि थंडीत पुन्हा थोडा डोके वर काढतो. ताप दिसण्याच्या आदल्या दिवसापासून पुढे पाच-सात दिवस तो दुसऱ्यास लागू शकतो. म्हणून ताप-खोकला असलेल्या बाईने भजन, हळदीकुंकू, बारसे, लग्न ह्यांना येऊ नये. न आल्याबद्दल तिला कोणी बोल लावू नये, हे अधिक महत्त्वाचे. यजमानीणबाई रुसतात म्हणून कितीतरी भगिनी अंगात ताप घेऊन येतात. आजाऱ्याला खिडकी असलेली खोली द्यावी, नसेल तर ओसरी. खिडकीला बोळा कोंबू नये. त्याचा तांब्या-पेला वेगळा, खोकताना तोंडाशी रुमाल किंवा हाताचा कोपर, आणि त्याच्यापाशी जाणाऱ्याने नाकातोंडावर मास्क. हात साबणाने धुवावेत. राखेने भांडे निघते, त्यावर हातांचे भागवू नये. काढा घ्यावयाचा तर घ्या, माझा त्याला विरोध नाही, घशाला बरे वाटते. पण काढा म्हणजे औषध नव्हे.

औषधाविषयी एक विनंती. दुकानातून आपल्या मनाने अँटिबायोटिक आणू नका. ते विषाणूला लागू पडत नाही. फ्लूवर निराळ्या गोळ्या आहेत, पण त्या पहिल्या दोन दिवसांत सुरू झाल्या तर चांगले काम करतात आणि त्या डॉक्टरांनीच द्यावयाच्या. म्हणून गरोदर भगिनी, लहान मुले, पासष्टीच्या पुढची माणसे, आणि मधुमेह, दमा किंवा हृदयाचा विकार असलेली माणसे ह्यांनी "उद्या बघू" म्हणू नये. दम लागणे, छातीत दुखणे, ओठ निळसर होणे, माणूस गुंगीत जाणे, किंवा ताप उतरून पुन्हा चढणे, ह्यांतले एक जरी दिसले तरी १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी. फ्लूची लस दर वर्षी घ्यावी लागते, कारण विषाणू वेष बदलतो. ती पावसाळ्याच्या आधी घेतलेली बरी. गरोदर भगिनींनी सरकारी दवाखान्यात तिची अवश्य चौकशी करावी.

शेवटचे सांगणे आजीच्या जाऊबाईंसाठी. घरात आजारपण आले की एकाच माणसाने शुश्रूषा करावी, असे डॉक्टर सांगतात, म्हणजे रोग सगळ्यांत पसरत नाही. ते बरोबर आहे. पण ते एक माणूस बहुतेक घरांत कोण असते, हे तुम्ही जाणता. तेव्हा त्या माणसाला दोन्ही वेळचे गरम जेवण इतरांच्या आधी मिळावे, रात्रीची झोप मिळावी, आणि सकाळ-संध्याकाळ कोणीतरी त्याच्याही कपाळाला हात लावावा. घरातल्या पुरुषांना आणि मुलांना भात लावता येत नसेल तर ते साथ येण्याच्या आधी शिकवून ठेवावे.

२०२० सालची गल्लीची यादी मंडळाच्या जुन्या वहीत मागच्या पानांवर आहे. चिटणीस बाईंनी ती मला दाखविली. त्यांतली काही माणसे आता नाहीत, काही घरे बदलली, दोन नव्या सुना आल्या आहेत आणि त्यांतल्या एकीला सातवा महिना आहे. येत्या मासिक सभेत ती यादी नव्याने करावयाची आहे. एकट्या राहणाऱ्यांच्या रकान्यात या खेपेस माझे स्वतःचे नाव घालावयास मी सांगितले आहे. माझा डबा ज्या भगिनीकडे येईल तिने भाजीत मीठ बेताचे घालावे.